लाखेचे घर आणि औषधाची गोळी

आमचे एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, असे येथील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. लाखेच्या घरातून निसटलेले पांडव येथे आले आणि पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारले, ही आख्यायिका. ती खरी की खोटी, हा आजचा विषय नव्हे. पण लाख आणि बकासुर या दोन्ही गोष्टी औषधाच्या इतिहासात आहेत, हे सांगितले तर नवल वाटेल.

आपले जठर हा एक बकासुरच. त्यातले आम्ल इतके तीव्र, की कित्येक औषधे आतड्यात पोचण्याआधीच नासतात. काही औषधे उलट जठरालाच चावतात. यावर उपाय काय? १८८४ साली हँबर्गचे डॉक्टर उन्ना यांनी गोळीवर केराटिनचा, म्हणजे शिंगा-नखांतल्या द्रव्याचा, लेप दिला. तो आम्लात टिकावा आणि आतड्यात विरघळावा, अशी कल्पना. पुढे हेच काम लाखेने केले. पळस, बोर, कुसुंब यांवरच्या किड्यांची ही लाख आम्लाला दाद देत नाही. मात्र जुनी झाली की ती कडक होते आणि गोळी वेळेवर फुटत नाही. म्हणून कारखान्यांत बनविलेले लेप पुढे आले.

या लेपांचे खरे मोल मोठ्या आतड्याच्या दाहात कळले. १९४०च्या सुमारास स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्ट्‌झ यांनी सल्फासॅलाझीन हे औषध सांधेदुखीसाठी पुढे आणले; ते आतड्याच्या दाहावरही लागू पडले. त्यातला नेमका कोणता भाग गुण देतो? १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये आझाद खान आणि ट्रूलव्ह यांनी तो शोधला. पण तो भाग नुसता दिला, तर वरच्या आतड्यातच शोषला जातो. तेव्हा त्याला असा लेप दिला, की तो लहान आतड्याच्या शेवटाकडे, आम्लता सरल्यावरच सुटावा. रोग जेथे, औषध तेथे!

आता संशोधक नॅनोकणांकडे वळले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे बारीक कण सुजलेल्या अस्तरात अधिक साचतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या कायटोसॅनचाही लेप त्यांना देऊन पाहतात. पण प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंतची वाट लांबची असते, हे ध्यानात ठेवावे.

आता घरातली गोष्ट. आजोबांना गोळी गिळवत नाही, म्हणून सूनबाई ती खलात कुटते आणि केळ्याबरोबर भरवते. यात माया आहे, शंका नाही. पण गोळी लेपाची असेल, तर त्या एका बत्त्याच्या घावाने शंभराहून अधिक वर्षांची मेहनत फुकट जाते. औषध वाटेतच नासते किंवा जठराला जाचते. तेव्हा गोळी कुटण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला एवढे विचारा : ‘ही फोडली तर चालेल का?’ पांडवांना लाखेच्या घरातून वेळेवर बाहेर पडावे लागले. आपल्या गोळीला मात्र वेळ येईपर्यंत त्या घरातच राहू द्या.