ठिणगीच्या आधीची आग

नॉकिंगचा प्रश्न पेट्रोल इंजिनाइतकाच जुना. पण थेट इंधन फवारणीची लहान टर्बो इंजिनं आली, आणि कमी आरपीएमवर जास्त भार पडला की ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागलं. कधी थेट पिस्टनच फुटायचा! याला नाव पडलं एलएसपीआय. शोध घेता घेता संशय इंजिन ऑइलवर गेला. सिलिंडरच्या भिंतीवरून सुटणारे ऑइल-इंधनाचे थेंब, आणि गंमत बघा, इंजिन स्वच्छ ठेवायला घातलेलं कॅल्शियमयुक्त डिटर्जंट. त्यातल्या बऱ्याच कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आलं, तसे हे प्रकार घटले. मग २०१८ मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’ हे दर्जे आले. म्हणून ऑइल घेताना डब्यावरचा दर्जा वाचाच. ५डब्ल्यू-३० हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो, कॅल्शियमबद्दल अक्षरही नाही.