मेरठच्या क्वार्टरमधली तालीम

मेरठला आलो तेव्हा वार्षिक मेडिकलच्या कागदावर माझ्या नावासमोर लाल शाईची एक ओळ होती. वेट चार्टपेक्षा नऊ किलो जास्त. गुडघ्याच्या दुखापतीनंतर दीड वर्ष ऑफिसच्या खुर्चीवर काढलं होतं, त्याचं हे फळ. मुदत मिळाली सहा महिन्यांची. तेवढ्यात वजन उतरलं नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन कॅडरच्या यादीतून नाव बाहेर. फौजेतल्या वाचकांना याचा अर्थ समजवायला नको. इतरांसाठी एवढंच सांगतो की पेन्शनचा आकडासुद्धा शेवटी रँकवरच ठरतो.

गुडघ्यामुळे पळायला तूर्त मनाई होती. युनिटची जिम संध्याकाळी पाच ते सात. नेमकी तीच वेळ माझी नव्हती, कारण बायको नर्स आणि तिची ड्यूटी दुपारी दोन ते आठ. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. म्हणजे व्यायाम करायचा तर दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, दोन पोरं अंगावर घेऊन, आणि महिनाअखेरीला उरेल तेवढ्या पैशात.

मेरठमध्ये असा विचार करणाऱ्या माणसाचे पाय आपोआप सूरजकुंडाकडे वळतात. हा रस्ता म्हणजे खेळाच्या सामानाचा बाजार. बॅटी, बॉल, बॉक्सिंगचे ग्लोव्हज, कॅरम, आणि दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या लोखंडाच्या प्लेट्स. मेरठ म्हटलं की आपल्याला १० मे १८५७ आठवतो, पण या बाजाराचा इतिहास १९४७ चा आहे आणि त्याचं मूळ गाव आज पाकिस्तानात आहे. सियालकोट. तेही मेरठसारखंच छावणीचं गाव. तिथले गोरे अधिकारी टेनिस, क्रिकेट, पोलो खेळायचे. विलायतेहून मागवलेलं सामान तुटलं की स्थानिक कारागिरांकडे दुरुस्तीला यायचं. दुरुस्ती करता करता कारागीर नवंच बनवू लागले आणि विसाव्या शतकात सियालकोटचा माल विलायतेत विकला जाऊ लागला. फाळणीत तिथले हिंदू कारखानदार आणि अनेक कारागीर इकडे आले. काही जालंधरला थांबले, काही मेरठला पोचले. आज भारतातल्या कसोटी सामन्यांत ज्या कंपनीचा चेंडू वापरतात ती 'एसजी' १९३१ साली सियालकोटमध्येच सुरू झाली होती. फाळणीनंतर आधी आग्रा आणि मग मेरठ असा तिचा प्रवास झाला.

मेरठच्या छावणीचा आणि आपला एक धागा आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह करून गंगा-यमुनेचा दुआब सोडला, तो तह झाला आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीला. मराठ्यांच्या हातून दुआब गेला आणि मेरठला इंग्रजांची छावणी बसली. दोनशे वर्षांनंतर एक सातारकर तिथे भाव करत उभा होता, किलोवर लोखंड घ्यायला.

दुकानदार म्हातारा, वडील सियालकोटहून आलेले. "फौजी हो? तो पुराना माल ले जाओ, लोहा बूढ़ा नहीं होता," म्हणाला. जुनी रॉड, पाच पाच किलोच्या चार प्लेट्स, डंबेल्सची एक जोडी. सगळं मिळून साडेचार हजार. स्कूटरच्या पायाशी ठेवून आणलं आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. त्या रात्री मला स्वतःचा फार अभिमान वाटला. घरात जिम!

अकराव्या दिवशी मुलाने उभं राहण्यासाठी भिंतीला टेकवलेल्या प्लेटचा आधार घेतला. प्लेट त्याच्या पायावर आडवी झाली. मी स्वयंपाकघरात दूध गरम करत होतो. एमआय रूममध्ये एक्स-रे निघाला, हाड शाबूत होतं, अंगठ्याचं नख काळं पडलं. बायको रात्री आली, तिने त्याचा पाय पाहिला, काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर एकेक प्लेट उचलून तिने बाल्कनीत नेऊन ठेवली. मग म्हणाली, "अहो, लोखंड बाहेर. मुलं आत." चूक सगळी माझी होती, मी मान हलवली.

चार-पाच दिवस व्यायाम बंद. वजनाच्या काट्याकडे बघवत नव्हतं. आणि मग मला आजोबा आठवले.

आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. त्यांच्याकडून एक गोष्ट शंभर वेळा ऐकली होती, की शाळेत आधी नमस्कार आणि मग पाटी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. हा माणूस विलक्षण. चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, आणि नमस्कारांच्या प्रसारात आयुष्य घातलं. १९३८ साली त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. पण आजोबांनी न सांगितलेली गोष्ट मला पुढे वाचनात सापडली, आणि मेरठच्या त्या आठवड्यात तीच जास्त उपयोगी पडली. भवानराव तरुणपणी सँडोचे भक्त होते!

यूजेन सँडो म्हणजे प्रशियात १८६७ साली जन्मलेला, लंडनमध्ये नाव कमावलेला शरीरसौष्ठवपटू. आपण वर्दीच्या आत जी 'सँडो बनियन' घालतो, तिच्या नावातला सँडो हाच. घरगुती व्यायामाचा पहिला मोठा व्यापारी म्हणायला हरकत नाही. मुठीत स्प्रिंग असलेली डंबेल्स, दाराला अडकवून ओढायच्या रबरी दोऱ्या, सोबत पुस्तक आणि तक्ता, सगळं टपालाने घरपोच. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. भवानरावांनी त्याचं सामान मागवून जवळजवळ दहा वर्षं त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. राजेच ते, त्यांना पैशाची चणचण नव्हती. तरीही त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि नमस्काराला लागले. वडिलांकडून तो लहानपणी पाहिलेला होताच, मिरजेच्या राजांच्या आग्रहाने तो पुन्हा हाती घेतला. पुढे राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालू लागली. त्यांचे चिरंजीव अप्पा पंत पुढे भारताचे मोठे मुत्सद्दी झाले, त्यांनीही नमस्कारांवर पुस्तक लिहिलं.

सँडोच्या दोऱ्या एका वेळी एकाच माणसाच्या उपयोगाच्या. नमस्काराला सतरंजी पुरते आणि तिच्या शेजारी दुसरी अंथरता येते. माझ्या घरात हाच प्रश्न होता. मी लोखंड उचलत असताना मुलांना दूर ठेवावं लागायचं, आणि चौदा महिन्यांचं पोर दूर ठेवणं हा व्यायामापेक्षा मोठा व्यायाम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन सतरंज्या अंथरल्या. मुलीला म्हटलं, "तू मोजायचं." पहिल्या दिवशी बारा. गुडघा टेकताना खाली उशी. मुलगी चौथ्या नमस्कारानंतर स्वतःच आडवी झाली, मुलगा माझ्या पोटाखालून रांगत पलीकडे गेला. दर आठवड्याला थोडे वाढवत दोन महिन्यांत साठवर पोचलो. मुलगी एकोणतीसनंतर सरळ चाळीस म्हणायची. मी ते मान्य करत नसे, त्यावरून भांडणं व्हायची.

नमस्काराने दम वाढला, पोट उतरू लागलं, पण खांदे आणि मनगटं मागत होती. प्लेट्स आत आणायच्या नव्हत्या. बॅटी बनवणाऱ्या एका कारागिराकडे शिसवीचा ओंडका दिसला आणि डोक्यात मुद्गल आले. त्याला म्हटलं, "मुग्दर बना दोगे?" तिकडे हाच शब्द. त्याने लेथवर दोन किलोची जोडी कातून दिली, सहाशे रुपयांत. माझ्या लोखंडाच्या मानाने फुकट.

आपल्या तालमीत मुद्गल आणि करेला अजून भिंतीला उभे असतात, पण फिरवणारे थोडे. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या दहा खंडांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त या सगळ्या देशी साधनांना जागा मिळाली आहे, ज्याला हौस असेल त्याने जुन्या ग्रंथालयात शोधावा. मला मात्र या लाकडाचा देशाबाहेरचा प्रवास जास्त थक्क करतो, कारण तो फौजेमार्फत झाला. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी इथले पहिलवान आणि शिपाई मुद्गल फिरवताना पाहिले, तो व्यायाम उचलला आणि मायदेशी नेला. १८३४ साली डोनाल्ड वॉकर याच्या व्यायामाच्या पुस्तकानंतर तो तिकडे चांगलाच पसरला. दोनच वर्षांत त्याने स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक काढलं, त्यात हलके मुद्गल होते. आखाड्यातली जड जोडी दिवाणखान्यात शिरली ती अशी, वजन कमी करून. नाव पडलं 'इंडियन क्लब'.

१८६१ मध्ये सिम केहो नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनला हा प्रकार पाहिला, न्यूयॉर्कला परत जाऊन मुद्गलांचा कारखाना काढला आणि १८६६ साली पुस्तकही. जाहिरातीचं त्याला अंग होतं. त्याने एक संच थेट जनरल ग्रँटला भेट पाठवला. ग्रँट म्हणजे यादवी युद्ध जिंकून देणारा सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. त्याने आभाराचं पत्र लिहिलं आणि त्यात मुलांचा मुद्दाम उल्लेख केला, की ही साधनं वापरण्यात त्यांना आनंदही मिळेल आणि फायदाही होईल. एवढ्या रणधुमाळीतून आलेला सेनापती, आणि घरात मुद्गल आल्यावर त्याला पहिली आठवण पोरांची! हे वाचून मी बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या घरी नोकर असतील." तेही खरंच.

तर मग नोकर नसलेल्याची गोष्ट. १९०४ आणि १९३२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. १९३२ साली लॉस एंजेलिसला सुवर्णपदक मिळालं जॉर्ज रॉथ या अमेरिकन खेळाडूला. मंदीचे दिवस, रॉथ बेकार. घरी बायको आणि तान्ही मुलगी. खेळाडूंच्या वसाहतीत मिळणारं खाणं तो लपवून घरी न्यायचा. पदक घेतल्यावर स्टेडियमच्या बाहेर आला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करून घरी गेला. त्यानंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमधून गेली ती गेलीच.

माझ्या घरात मुद्गलांसाठी नियम केला होता. पोरं जागी असताना फिरवायचे नाहीत, नमस्कार मात्र त्यांच्यासोबतच. पहाटे पाचला, बायको घरात असताना, बाल्कनीत एक खडूची रेघ, रेघेच्या आत कोणी नाही. डोक्यामागून फेरा घेताना पहिल्या आठवड्यात दोनदा कानशिलावर खाल्ली. हाताच्या जोराने फिरवलं की मनगट दुखतं, वजनाला स्वतःच्या झोक्याने जाऊ दिलं की खांदा मोकळा होतो, हे समजायला तीन आठवडे लागले. याशिवाय वीस लिटरचा पाण्याचा कॅन, तांदळाच्या जुन्या गोणीत भरलेली वाळू, आणि पोरगा. पोराला छातीशी धरून गुडघा सोसेल तेवढ्या अर्ध्या बैठका. ग्रीसच्या मिलो पहिलवानाची गोष्ट सांगतात की तो रोज वासरू उचलायचा, वासराचा बैल झाला तरी उचलतच राहिला. माझ्या वासराचं वजन सहा महिन्यांत साडेनऊवरून अकरा किलो झालं, आणि या वजनाला दुकानात पैसे मोजावे लागले नाहीत.

सहाव्या महिन्यात मेडिकल झालं. नऊपैकी आठ किलो उतरले होते. एक किलोसाठी डॉक्टर साहेबांनी मला वर-खाली पाहिलं, काट्यावर पुन्हा उभं केलं, मग महिन्याने या म्हणाले. तो महिना मी चपाती मोजून खाल्ली. कॅडर केलं. गुडघा अजून पाच किलोमीटरच्या शेवटच्या टप्प्यात बोलतो, पण चालतो.

पोस्टिंग ऑर्डर आली ती ईशान्येची, फॅमिली नाही. रॉड आणि प्लेट्स शेजारच्या ब्लॉकमधल्या एका लान्स नायकाला दोन हजारांत दिल्या. त्याचं लग्न नुकतंच झालेलं, मी त्याला म्हटलं, "भिंतीला टेकवू नकोस, आडव्या ठेव." काळ्या ट्रंका भरल्या. सतरंज्या साताऱ्याला गेल्या. मुद्गलांवरून मुलीने रडारड केली, तिला ते हवे होते आणि मलाही.

आता एक माझ्या बेडिंगमध्ये असतो आणि दुसरा तिच्या पलंगाखाली. एकच मुद्गल दोन्ही हातांनी आळीपाळीने फिरवतो. रविवारी नेटवर्क मिळालं की इथून मी नमस्कार घालतो आणि ती फोनवर मोजते. आता एकोणतीसनंतर तीस म्हणते.