तबकडीबाहेरचा खान्देश

दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांतले लोकप्रिय मराठी संगीत म्हटले की बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, केशवराव भोळे, 'प्रभात'ची चित्रपटगीते अशी नावे पाढ्यासारखी तोंडावर येतात. त्यांत रावेर-यावलचा पट्टा कुठेच नसतो. गाणे घडले मुंबई-पुण्याला आणि खान्देशाने ते चावीच्या फोनोवर ऐकले, असा समज त्यातून रूढ झाला. माझ्या मते हा समज तबकड्यांनी करून दिलेला आहे. कंपनीचे यंत्र जिथवर पोहोचले, तिथलेच गाणे उरले, आणि उरले त्यालाच आपण इतिहास म्हणू लागलो. पोलंडकडे पाहा. सिरेना ही ध्वनिमुद्रिका कंपनी वॉर्सातच होती. म्हणून येझी पीटर्सबुर्स्कीने बांधलेला आणि मिएचिस्वाव फॉगने गायलेला १९३५ चा टँगो आजही ऐकता येतो. आर्टुर गोल्ड हा संगीतकार ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारला गेला, पण त्याच्या चाली वाचल्या. आपल्याकडे एचएमव्हीचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या रावेरात रेल्वे होती, पण गाणे टिपणारे कोणी नव्हते.

शिवाय तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. नाट्यपद काटछाट करून तीत बसवता येई. रात्र जागवणारे वहीगायन, किंवा दळण संपेपर्यंत लांबत जाणारी ओवी, त्यात कशी मावणार? यावर कोणी म्हणेल, ओवी हे लोकगीत झाले. लोकप्रिय संगीताला बाजार लागतो, कर्ता लागतो. बाजाराचे मान्य. कर्त्याचे मात्र बहिणाबाई चौधरींपुढे टिकत नाही. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या या निरक्षर बाईने काम करता करता गाणी रचली, तीही रावेर-यावलकडे आजही कानी पडते त्या लेवा बोलीत. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी ती उतरवून ठेवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. बाई आदल्याच वर्षी वारल्या होत्या. हातात वही-पेन्सिल घेणारा मुलगा घरात नसता तर? शेजारच्या गावांतल्या किती जणींची गाणी अशी बुडाली असतील, याला हिशेब नाही.

दुसरा आक्षेप असा, की एका बहिणाबाईंवरून साऱ्या प्रदेशाचे अनुमान काढणे बरे नव्हे. रास्त आहे, पण दीनानाथांचेच घर पाहा. त्यांचे लग्न १९२२ मध्ये खान्देशातल्या, तापीकाठच्या थाळनेरच्या लाड कुटुंबात झाले. ती पत्नी वारल्यावर १९२७ मध्ये तिचीच बहीण शेवंती घरात आली. याच आजोळच्या आजीकडून दीनानाथांच्या कन्या लता मंगेशकर गुजराती गरबे शिकल्या, असे चरित्रकार नोंदवतात. म्हणजे यादीतल्या बड्या नावाच्या घरातही तापीकाठचे गाणे शिरलेच होते. पुढे १९३० नंतर जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन भावगीताला वाट करून दिली, तो कवीही मेहकरचा. ते खान्देश नव्हे, वऱ्हाड. पण मुंबई-पुणेही नव्हे. मुद्दा तोच आहे.

तेव्हा रावेर-यावलच्या वाचकांना एकच विनंती. घरातल्या आजीला जात्यावरचे काही येत असेल, कोणा म्हाताऱ्याला वहीगायन तोंडपाठ असेल, तर यंदाच मोबाइलवर उतरवून घ्या, आणि गायकाचे नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून ठेवा.