उंबराचे फूल आणि धम्मदृष्टी

बौद्ध परंपरेने प्रत्येक बुद्धाचा बोधिवृक्ष सांगितला आहे. दीघनिकायातील महापदान सुत्तानुसार कोणागमन बुद्धांचा वृक्ष उंबर, कस्सप बुद्धांचा वड आणि गौतम बुद्धांचा पिंपळ होय. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपावर हे वृक्ष त्या त्या बुद्धांच्या नावांसह कोरलेले आहेत. राज्याभिषेकास चौदा वर्षे झाल्यावर सम्राट अशोकाने कोणागमनांचा स्तूप वाढविला, असे निगाली सागर येथील स्तंभलेख सांगतो.

उंबराचा मान असा प्राचीन असला, तरी पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावांत आम्ही लहानपणापासून निराळेच ऐकत आलो. उंबर मध्यरात्री फुलतो आणि ज्यास ते फूल दिसेल त्याचे दैव उघडते, ही ती समजूत. याउलट सुत्तनिपातातील उरगसुत्तात हीच उपमा भवांत सार शोधू पाहणाऱ्याच्या व्यर्थ शोधासाठी योजिली आहे. एकाच वृक्षाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत.

वस्तुतः उंबराला फुले असतात. आपण ज्यास फळ म्हणतो त्याच्या पोटात ती शेकड्यांनी दडलेली असतात. टोकाच्या चिंचोळ्या छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. अंगावरील पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी संयोग करतात, त्यांच्यासाठी भिंत पोखरून वाट काढतात आणि मरतात. त्या वाटेने पराग घेऊन निघालेल्या माद्यांचे आयुष्य जेमतेम एकदोन दिवसांचे असते. उंबराची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. माशीवाचून वृक्षास बी नाही, वृक्षावाचून माशीस घर नाही. हे नाते कोट्यवधी वर्षांचे आहे.

प्राचीन भिक्खूंना हे कीटकशास्त्र ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु काहीही कारणावाचून घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त समजून घेण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. येथे ना दैव आहे, ना चमत्कार. परस्परावलंबन मात्र आहे.

यातून एक कर्तव्यही निघते. त्या अल्पायुषी मादीस वेळेत दुसरा उंबर सापडला पाहिजे. ओढ्याकाठचे उंबर तोडले गेले, तर ही साखळी तुटेल. विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष लावणाऱ्या उपासकांनी शिवारातील उंबरही राखावा. मुलांसमोर एक उंबर फोडून भिंगाखाली फूल दाखवावे. ज्याने ते एकदा पाहिले, तो दैव उघडण्याची वाट पाहत बसणार नाही.