प्रीपेड वीजमीटर, घरगुती (छत्रपती संभाजीनगर)

प्रीपेड वीजमीटर म्हणजे आधी पैसे भरून घेणारे आणि भरलेल्या रकमेपुरतीच वीज वापरू देणारे मीटर. बोलीभाषेत ‘रिचार्जचं मीटर’. मोबाइलसारखी यात शिल्लक असते, ती रोजच्या वापराने उतरत जाते आणि शून्यावर आली की पुरवठा तोडता येतो. या मीटरची किंमत किती, असे विचारले की बहुतेकांना दुकानातल्या वस्तूसारखा एक आकडा अपेक्षित असतो. तसा आकडा आहे, पण घराला पडणारा खर्च त्यात मावत नाही. काही भाग वीजदरातून येतो, काही आगाऊ गुंतलेल्या पैशातून आणि काही चुकीच्या वेळी वीज गेल्यामुळे. या नोंदीत छत्रपती संभाजीनगर शहरातील घरे समोर ठेवून तो सगळा खर्च मांडला आहे.

आधी पैसे, मग ऊर्जा ही पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये कामगारांच्या घरी नाणे टाकून चालणारे गॅसमीटर बसले, त्यामागोमाग विजेचेही आले. पुढे दक्षिण आफ्रिकेत वीस अंकी क्रमांक दाबून भरायची मीटरे रुजली आणि त्या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. भारतात प्रीपेड मीटरसाठी आयएस १५८८४ आणि स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ ही मानके आहेत. स्मार्ट मीटरच्या पोटात दूरवरून उघडता-मिटता येणारा स्विच असतो, आणि वापराची नोंद ते स्वतःच मोबाइलच्या किंवा रेडिओच्या जाळ्यावरून कार्यालयात पाठवते. आता बसणाऱ्या मीटरवर अंक दाबायची बटणे नसतात. पैसे ॲपमधून किंवा भरणा केंद्रावर भरायचे. पुढील सर्व विवेचनाला एक गोष्ट पायाभूत आहे : हे एकच मीटर प्रीपेडही चालते आणि नेहमीच्या मासिक बिलावरही. कोणत्या पद्धतीने चालवायचे हे कार्यालयातल्या संगणकावर ठरते. भिंतीवरच्या पेटीत त्यासाठी काही बदलावे लागत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे विभाजन झाले आणि वितरण महावितरणकडे आले. मीटर आणि बिल हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाण्याचा अनुभव औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्मार्ट मीटरच्या आधीच येऊन गेला आहे. शहराचे वीजवितरण २०११ पासून जीटीएल या खासगी फ्रँचायझीकडे होते. थकबाकीच्या वादातून २०१४ मध्ये महावितरणने ते परत घेतले. मीटर बदलायला माणसे आली की या शहरात ‘कोणत्या कंपनीची?’ हा प्रश्न आधी येतो, त्यामागे हा इतिहासही आहे.

मीटरच्या आजच्या मोहिमेचे मूळ केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रासारख्या राज्याला दर मीटरमागे किमतीच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान ठरले. महावितरणने २०२३ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. एकूण रक्कम सुमारे २७ हजार कोटी रुपये. त्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड ही तीन परिमंडळे, म्हणजे जवळपास सगळा मराठवाडा, हैदराबादच्या एनसीसी कंपनीकडे गेली. मीटर सुमारे २७ लाख ७७ हजार आणि रक्कम सुमारे ३,३३० कोटी रुपये.

भागाकार केला तर एका मीटरला सुमारे १२ हजार रुपये पडतात. हा आकडा ऐकून माणूस दचकतो, कारण भिंतीवरच्या पेटीला कोणी एवढे पैसे देणार नाही. खरे तर ही नुसत्या पेटीची किंमत नव्हे. मीटर, ते बसवणे, संपर्कयंत्रणा, संगणकप्रणाली आणि कराराच्या मुदतीतली देखभाल असे सगळे त्यात आहे. कंपनी सुरुवातीचा बहुतेक खर्च स्वतः करते आणि महावितरण तिला दर मीटरमागे दरमहा पैसे देते. केंद्राच्या नमुना निविदेत एका मीटरची सेवा ९३ महिने धरलेली आहे. १२ हजारांना ९३ ने भागले तर महिन्याला सुमारे १२९ रुपये येतात. घरगुती सिंगल फेज ग्राहकाच्या बिलातला स्थिर आकार महिन्याला सुमारे १३० रुपये आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे ओझ्याचा अंदाज येतो. लहान घर वीजजाळ्यात राहण्यासाठी स्थिर आकार म्हणून जेवढे भरते, जवळजवळ तेवढीच रक्कम एकट्या मीटरव्यवस्थेची आहे.

अनुदानाचा हिशेब करून पाहावा. या तीन परिमंडळांसाठी ९०० रुपयांप्रमाणे सुमारे २५० कोटी होतात. उरलेले तीन हजार कोटींहून अधिक वितरण कंपनीने उभे करायचे, आणि वितरण कंपनीचा मान्य खर्च राज्य वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीतून शेवटी ग्राहकांच्या दरात उतरतो. मीटर ‘मोफत’ आहे याचा अर्थ एवढाच की बसवणारा माणूस दारात पैसे मागत नाही, आणि त्याने मागूही नयेत. दारात न घेतलेले पैसे मीटर बसलेल्या आणि न बसलेल्या सगळ्याच घरांच्या युनिटांवर वाटले जाऊ शकतात. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला आणि दरवाढीची भीती सार्वजनिक चर्चेत आणली. महावितरणची बाजू अशी की गळती, थकबाकी आणि रीडिंगचा खर्च कमी होईल आणि त्यातून मीटरचे पैसे निघतील. हे अशक्य नाही. पण बचत झाली तर ती दरकपातीत दिसली पाहिजे, आणि खर्च मात्र पहिल्या महिन्यापासून ठरलेला आहे. गरीब वस्तीतल्या साठ-सत्तर युनिटांच्या घरातून मीटरमागे एवढी गळती वाचण्याजोगी असतेच असे नाही. प्रस्तुत लेखकाला या योजनेचा सर्वांत कच्चा दुवा हाच वाटतो.

रीडिंगचा मुद्दा मात्र हलका समजू नये. महावितरणच्या बिलावर मीटरचा फोटो छापलेला असायचा. तो धूसर आला, घराला कुलूप असले किंवा रीडिंग घेणारा फिरकलाच नाही, तर सरासरीचे बिल यायचे आणि पुढे तीन-चार महिन्यांचे युनिट एकदम अंगावर पडायचे. सिडकोच्या एन विभागांपासून जुन्या शहराच्या गल्ल्यांपर्यंत अशा बिलाची दुरुस्ती करून घ्यायला उपविभागात खेपा घातलेली घरे सापडतील. एका खेपेला रोजावरच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. स्वतःच रीडिंग पाठवणाऱ्या मीटरमुळे ही खेप वाचते. हा फायदा खरा आहे, पण तो स्मार्टपणाचा आहे. प्रीपेडचा नाही.

प्रीपेडचा स्वतःचा फायदा कायद्यात एका ओळीत आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४७ च्या पाचव्या पोटकलमानुसार प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून पुरवठ्यापोटीची सुरक्षा ठेव मागता येत नाही. महाराष्ट्रात मासिक बिलाच्या ग्राहकाची ठेव २०२१ च्या विनियमांनुसार सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी असते. महिन्याला हजार रुपये बिल येणाऱ्या घराचे दोन हजार तिथे असतात आणि त्यांवर कायद्याने व्याज मिळते. प्रीपेड झाल्यावर ही ठेव परत मिळायला हवी किंवा शिल्लकेत जमा व्हायला हवी. भाड्याच्या खोलीत नवे बिऱ्हाड मांडणाऱ्याला ठेव नसणे ही मोठी सवलत ठरते.

त्या बदल्यात जाते ती उधारी. मासिक बिलावरचे घर महिनाभर वीज वापरते, मग बिल येते, ते भरायला मुदत असते, आणि नाही भरले तरी कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्यावरच वीज तोडता येते. म्हणजे पहिल्या दिवशी वापरलेल्या युनिटाचे पैसे दोन महिन्यांनीही भरलेले चालतात. वेतन प्रदान कायद्याप्रमाणे कारखान्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेपर्यंत व्हायचा. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांचा संसार या तारखांवर बेतलेला असतो : किराणा, खोलीभाडे, भिशी, शाळेची फी. त्या क्रमात विजेचे बिल बहुधा शेवटी येते, कारण ते थांबू शकते. प्रीपेड मीटर ते सर्वांत पुढे आणून ठेवते. व्याजाच्या हिशेबाने यात वर्षाला शंभर-दीडशे रुपयांचाही फरक पडत नाही, पण चणचणीच्या आठवड्यात त्याची किंमत व्याजाने मोजता येत नाही.

इथे या शहराची एक स्वतःची अडचण येते, पाण्याची. गेली कित्येक वर्षे बहुतेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये अनेक दिवसांचा खंड पडतो. ‘आज आपला पाण्याचा वार’ हे वाक्य इथल्या घरात सणवारासारखे उच्चारले जाते. नळाला हवेचा फुसकारा आला की बाई हातातले काम टाकून अर्ध्या अश्वशक्तीची मोटर लावते, पाइप आधी टाकीत, मग पिंपात, मग बादल्यांत असा फिरवत राहते. तासाभरात अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते. पहिल्या टप्प्यातल्या दराने तीन रुपयांची. नेमकी तेव्हा शिल्लक संपलेली असेल, घरात फोन नसेल, ॲप ज्याच्या मोबाइलवर आहे तो पहिल्या पाळीला गेलेला असेल, तर जाते ते तीन रुपयांच्या विजेसोबत आठवडाभराचे पाणी. मग टँकर. २०२४ मध्ये प्रीपेडचा प्रचार करताना महावितरणने सांगितले होते की सायंकाळी सहा ते सकाळी दहा या वेळेत शिल्लक संपली तरी पुरवठा चालू राहील. सोय चांगली आहे. पण पाणी दुपारीही येते. प्रीपेडचा नियम करताना या शहरासाठी पाण्याचा वारही विचारात घेतला पाहिजे, असे इथले कोणतेही घर सांगेल.

दुसरा ताण उन्हाळ्याचा. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर, वहन आकार धरून, सहा रुपयांच्या आसपास आहे आणि त्यापुढचा जवळजवळ दुप्पट. वर १६ टक्के वीज शुल्क. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की कूलर रात्रभर चालतो. १८० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिट होतात. एरवी ८० युनिटांत राहणारे घर शंभरी ओलांडते. मासिक बिलात हा धक्का एकदा बसतो. प्रीपेडमध्ये महिन्याच्या अखेरीला शिल्लक अचानक भराभर उतरू लागते आणि मीटर ‘पळतंय’ असे वाटते. अशा काही तक्रारींमागे मीटरचा नव्हे, टप्प्याचा हात असतो. जुने चकतीचे मीटर झिजून मंद झालेले असेल तर नव्यावर युनिट खरोखरच वाढतात. चालू मीटरांना एक टक्क्याच्या अचूकतेची अट आहे, म्हणजे शंभर युनिटांमागे फरक एका युनिटाचा. त्याहून जास्त वाटला तर मीटर तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. स्थिर आकारही शिल्लकेतून दिवसाच्या हिशेबाने, सुमारे सव्वाचार रुपये, जातो. कुलूप लावून गावी गेलेल्या कुटुंबाच्या शिल्लकेला तेवढी गळती असतेच.

ग्राहक संघटना, कामगार संघटना आणि राजकीय पक्षांच्या विरोधानंतर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर तीच कंत्राटे ‘टीओडी मीटर’ या नावाने पुढे चालू राहिली. टीओडी म्हणजे वेळेनुसार दर. बिल पूर्वीसारखेच महिन्याने येते. १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या वापराला घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. पाच वर्षांत ती रुपयापर्यंत जायची आहे. दिवसा मोटर, इस्त्री आणि धुलाईयंत्र चालवणाऱ्या घराची २० युनिटे त्या वेळेत बसली तर महिन्याला १६ रुपये वाचतात. मीटरव्यवस्थेच्या १२९ रुपयांशी ही रक्कम ताडून पाहावी. केंद्राच्या योजनेत मीटरचे अनुदान प्रीपेड पद्धतीशी बांधलेले आहे, त्यामुळे मासिक बिलावर ठेवलेल्या मीटरांबाबत ९०० रुपयांचाही प्रश्न उभा राहतो.

बजाजनगर, मुकुंदवाडी, गारखेडा अशा भागांत एका मीटरवर चार-पाच खोल्या असतात. मालक प्रत्येक खोलीला सबमीटर लावतो आणि स्वतः ठरवलेल्या दराने युनिटचे पैसे घेतो. मुख्य मीटर मालकाच्या नावावर, ॲप त्याच्या फोनवर. असे मीटर प्रीपेड झाले तर रिचार्ज कोणी करायचा, एका खोलीने पैसे दिले नाहीत म्हणून पाचही अंधारात जायच्या का, आणि दिवसाची ८० पैशांची सूट भाडेकरूपर्यंत पोचते का, याची उत्तरे कोणत्याही पत्रकात नाहीत. ती मालकाच्या मर्जीवर ठरतात. मासिक बिलाचे मीटर उद्या प्रीपेड केले तर पेटी बदलायला कोणी येणार नाही. ग्राहकाला तो बदल बिलावर कळेल, आणि पाहायची जागा सुरक्षा ठेवीचा रकाना. तिथली रक्कम परत आली की नाही, शिल्लकेत धरली की नाही, हे त्याच दिवशी लेखी विचारून घ्यावे.