घाटातल्या पावसात रुंद टायर किती उपयोगी?

मोटारीची मूळ चाके काढून त्या जागी रुंद टायर आणि मोठी अॅलॉय चाके बसवून घेण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. मोटार रुबाबदार दिसते, हे तिचे एक कारण. रुंद टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतो हा समज, हे दुसरे. कोरड्या डांबरी रस्त्यापुरता हा समज बऱ्याच अंशी खरा आहे. ओल्या रस्त्यावर मात्र गणित बदलते, आणि गगनबावड्याच्या वाटेवर ते ठळकपणे जाणवते.

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांत त्याची गणना होते. गावापाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेने जातो. कळे, साळवणपर्यंतच्या तुलनेने सरळ रस्त्यावर वाहने वेगात असतात, तर घाटात धुके, वाहते पाणी, लाल चिखल आणि तीव्र वळणे यांच्याशी गाठ असते. टायरची परीक्षा या दोन टप्प्यांत वेगवेगळ्या प्रकारे होते.

मापाची भाषा

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे माप छापलेले असते. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. 'आर' हे अक्षर रेडियल रचनेचे आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. मारुती स्विफ्टच्या खालच्या श्रेणींत अनेक वर्षे १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणींत १८५/६५ आर १५ हे माप येत असे. पहिल्या मापाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर आहे. रुंदी २० मिलिमीटरने वाढवतानाही कंपनीने व्यास जवळजवळ तोच ठेवला, ही बाब बोलकी आहे.

माप बदलताना पाळायचा पहिला नियम हाच. १९५/५५ आर १६ हे माप घेतल्यास व्यास ६२०.९ मिलिमीटर होतो आणि फरक नगण्य राहतो. मूळ १५ इंची रिमवर २०५/६५ चा टायर चढवल्यास मात्र व्यास ६४७.५ मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. वेगमापकाचा काटा ८० दाखवील तेव्हा प्रत्यक्ष वेग ८३ च्या पुढे गेलेला असेल. घाटात याचा आणखी एक परिणाम होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम इंजिनाच्या अवरोधावर विसंबून आहे. चाक मोठे झाले की तो अवरोध आणि ब्रेकचा रस्त्यावरील जोर, दोन्ही त्याच प्रमाणात घटतात. उतरणीवर ब्रेक अधिक दाबावा लागतो आणि तो लवकर तापतो.

पाणी आणि रुंदी

टायर रुंद केला की रस्त्याला टेकणारा पृष्ठभाग त्याच प्रमाणात वाढतो, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक हा पृष्ठभाग मुख्यतः चाकावरील वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवर ठरतो. पुढच्या एका चाकावर ३०० किलो वजन आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर टेकणारा भाग ढोबळमानाने १३३ चौरस सेंटिमीटर भरतो. टायर अरुंद असो वा रुंद, दाब तोच असेल तर क्षेत्रफळात मोठा फरक पडत नाही. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा आणि आखूड.

कोरड्या रस्त्यावर आडवा ठसा वळणात उपयोगी पडतो. बुटकी भिंत कमी वाकते आणि स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. पाण्यात मात्र हाच आकार आड येतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे आणि मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे, असे समजू. ठशाची रुंदी १४ सेंटिमीटर असेल तर एका चाकाला दर सेकंदाला सुमारे ९.३ लिटर पाणी दूर सारावे लागते. १६ सेंटिमीटर असेल तर १०.७ लिटर. काम वाढले, पण ते पुरे करायला मिळणारी ठशाची लांबी साडेनऊ सेंटिमीटरवरून साडेआठच्या खाली आली. पाणी बाहेर पडले नाही की टायर त्यावर तरंगू लागतो, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

अमेरिकेतील नासा या संस्थेने विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून हा वेग काढण्याचे एक सूत्र पुढे आले. टायरच्या नक्षीत मावणार नाही इतके पाणी रस्त्यावर असेल, तर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २४ पीएसआयला सुमारे ८२ किलोमीटर येतो. हवा कमी ठेवली की टायर रस्ता अधिक धरतो, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. करूळच्या वळणांत एवढा वेग कोणी घेत नाही. धोका आहे तो घाटाआधीच्या सरळ रस्त्यावर. नक्षी झिजलेली असल्यास तो आणखी वाढतो. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी असली पाहिजे, असा नियम आहे. पण अतिवृष्टीच्या प्रदेशात ती तीन मिलिमीटरच्या खाली येण्यापूर्वीच टायर बदलणे शहाणपणाचे.

रिम, ऑफसेट आणि वळणे

घाटातील अडचण वेगळी आहे. यू आकाराच्या वळणावर स्टिअरिंग पुरते वळलेले असते आणि भरलेल्या मोटारीचे स्प्रिंगही दाबलेले असतात. दुकानासमोरच्या सपाट जागेत मोकळे फिरणारे चाक नेमके येथे मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू लागते.

रुंद टायरला रुंद रिम लागते. समजा, रिमची रुंदी साडेपाच इंचांवरून सात इंचांवर नेली. ऑफसेट तोच ठेवला तर चाक आत आणि बाहेर प्रत्येकी १९ मिलिमीटर सरकते. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. तो ४५ वरून ३५ मिलिमीटर केला, तर चाकाची बाहेरची कड एकूण २९ मिलिमीटर पुढे येते. परिणामी बेअरिंगवरील ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंगला हिसके बसतात आणि चिखल मोटारीच्या अंगावर उडतो.

हे अंतर साधण्यासाठी चाकामागे धातूची चकती, म्हणजे स्पेसर, घालण्याचा मार्ग काही जण धरतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवा तो सुटा भाग करून मिळतो, याचा कोल्हापूरकरांना रास्त अभिमान आहे. परंतु स्पेसरमुळे नटाला मिळणारे आटे कमी झाले, तर चाकाची पकडच धोक्यात येते. नटांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या छिद्राचे माप मूळ चाकाशी जुळणारी रिम निवडणे, हाच खरा उपाय.

भारांक पाहिला का?

मापापुढे ८८ एस किंवा ८७ व्ही असे लिहिलेले असते. यातील अंक हा भारांक. ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो. अक्षर वेगमर्यादेचे असते. १९५/५५ आर १६ हे रुंद माप अनेकदा ८७ भारांकाचे मिळते, म्हणजे टायर रुंद होऊनही त्याची भार वाहण्याची क्षमता घटते! लहान मोटारीत पुरेसा वाव असतो. सात माणसे आणि सामान घेऊन कोकणात उतरणाऱ्या वाहनाच्या मागच्या चाकांना मात्र हा फरक जाणवू शकतो. मूळ टायरपेक्षा कमी भारांक कधीही स्वीकारू नये. शिवाय बुटक्या भिंतीचा टायर पाण्याने झाकलेल्या खड्ड्यात लवकर फाटतो आणि रिम वाकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीसाठी मान्य केलेले माप घेणे सर्वांत निर्धोक. चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उद्भवत नाही.

खरेदीपूर्वी

रुंदी वाढवायचीच असेल तर १० मिलिमीटरवर थांबावे आणि व्यासातील फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा. चारही टायर एकाच मापाचे असावेत. पुढचे-मागचे व्यास भिन्न असतील तर चाकांच्या गतीची तुलना करणाऱ्या एबीएस यंत्रणेचा गोंधळ होतो. स्टेपनी जुन्या मापाची राहिली असेल, तर तिचा व्यास नव्या चाकांशी जुळतो का, हे पाहावे. बसवल्यानंतर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे, आणि पाच माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरते वळवून टायर कोठे घासतो का, याची खात्री करावी.

पावसाळ्यात वारंवार घाट उतरणाऱ्याने मात्र रुंद चाकांवर होणारा खर्च आधी मूळ मापाच्या, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या नव्या टायरांवर करावा. खोल नक्षी, योग्य हवा आणि आवरलेला वेग यांनी मिळणारी सुरक्षितता नुसती रुंदी वाढवून मिळत नाही.