चायना मोझेक आणि घरगुती फरशीकाम

चायना मोझेक : चकाकी असलेल्या चिनीमातीच्या फरश्यांचे तुकडे ओल्या सिमेंटच्या मसाल्यात बसवून आणि त्यांमधले सांधे बहुधा पांढऱ्या सिमेंटने भरून तयार केलेला टिकाऊ पृष्ठभाग. महाराष्ट्रात व गुजरातेत तो मुख्यतः इमारतींच्या गच्चीवर आढळतो. मोरी, गॅलरी, पाण्याची टाकी, अंगणातला कट्टा, तुळशीवृंदावन यांसाठीही तो वापरतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत ‘मोझेकची लादी’ म्हणतात ती संगमरवराच्या चिपा घातलेली, घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची लादी. ती वस्तू निराळी. काचेचे बारीक चौकोन कागदावर किंवा जाळीवर चिकटवून पानांच्या रूपात विकतात, तो तिसरा प्रकार. घराची डागडुजी स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्याला या तिन्हींशी गाठ पडते, पण तिन्हींचे तंत्र आणि धोके वेगळे आहेत.

इतिहास : लहान तुकड्यांची जडणकला रोमन काळात भरभराटीला आली. इ. स. पू. पहिल्या शतकातला रोमन स्थापत्यकार विट्रूव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात फरशीच्या कामाचे वर्णन केले आहे. त्यात वरच्या जडणीपेक्षा खालच्या थरांवर अधिक भर आहे. तळाशी मुठीएवढे दगड, त्यावर चुना व खडी, त्यावर कुटलेली कौले आणि चुना यांचा थर, आणि मग जडणकाम. आपल्याकडच्या सुरखी-चुन्याशी यातल्या तिसऱ्या थराचे नाते जुन्या गवंड्याला सांगावे लागणार नाही.

फुटक्या भांड्यांचा आणि फरश्यांचा उपयोग हा त्यामानाने अलीकडचा. बँकॉकच्या वाट अरुण मंदिराचा उंच मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी मढवला गेला. बार्सिलोनात आंतोनी गाउदी आणि त्याचा सहकारी जुझेप मारिया जुजोल यांनी पार्क ग्वेलमधील (१९००–१९१४) नागमोडी बाक अशाच तुकड्यांनी सजवला. चौकोनी सपाट फरशी गोलाईवर बसत नाही, फोडली की बसते, हे त्यामागचे साधे कारण. चंडीगढच्या रॉक गार्डनमध्ये (१९७६ मध्ये खुले) रस्ते विभागात नोकरीला असलेल्या नेक चंद यांनी टाकाऊ चिनीमाती, बांगड्यांच्या काचा आणि मोडके नळसामान यांतून माणसांचे व प्राण्यांचे पुतळे उभे केले. भारतीय वास्तुकलेत या तंत्राला प्रतिष्ठा दिली ती मूळचे पुण्याचे असलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांनी. अहमदाबादेतील ‘संगाथ’ या त्यांच्या कार्यालयाची अर्धगोल छपरे आणि चित्रकार म. फि. हुसेन यांच्यासाठी बांधलेल्या ‘गुफे’चे घुमट पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेले आहेत. गच्चीवर गवंडी जे करत आले तेच दोशींनी दर्शनी केले. ऊन परतवणे हा हेतू दोन्हीकडे एकच.

गच्चीवरचे काम : स्लॅबवर प्रथम विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. भिजवलेले वीटतुकडे जलरोधक द्रव्य मिसळलेल्या मसाल्यात बसवून पाणी पन्हळीकडे जाईल असा उतार काढतात. दर मीटरला निदान १० मिमी उतार हवा. कठड्याच्या भिंतीला गच्ची जिथे मिळते तिथे काटकोन न ठेवता मसाल्याची गोलाई करतात, तिला ‘वाटा’ म्हणतात. या सगळ्यावर शेवटी चायना मोझेकचा थर येतो. पांढरे तुकडे ऊन परावर्तित करतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरील खोल्या उन्हाळ्यात कमी तापतात. वाट्याच्या गोलाईवरही तुकडे नीट बसतात.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. चायना मोझेक घातले की गळती थांबते, असे मानून पैसे खर्च करणारे पुष्कळ आहेत. चकाकीतून पाणी मुरत नाही हे खरे, पण तुकड्यांमध्ये सांध्यांचे जाळे असते आणि पाणी तिथूनच उतरते. गळती थांबवतो तो खालचा कोबा, त्याचा उतार आणि वाटा. वरचा थर त्यांचे ऊन-पावसापासून रक्षण करतो, इतकेच. म्हणून काम झाल्यावर पन्हळीची तोंडे बंद करून गच्चीत ४८ ते ७२ तास पाणी साठवून पाहतात. ही परीक्षा मोझेक घालण्यापूर्वी कोब्यावर घेणे शहाणपणाचे, कारण दोष सापडला तर वरचे काम फोडावे लागत नाही.

वजनाचा हिशेबही डोळ्यांआड करू नये. मसाल्यासह मोझेकच्या थराचे वजन दर चौरस मीटरला साधारण ५० ते ६० किलो भरते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते पाच टनांच्या आसपास जाते, आणि १०० मिमी कोब्याचे वजन त्याच्या तिप्पट-चौपट. जुना थर तसाच ठेवून दर काही वर्षांनी त्यावर नवा थर चढवणे म्हणजे स्लॅबवर न सांगता एक मजला चढवण्यासारखे आहे. जुने आधी काढावे, आणि इमारत वयस्कर असेल तर संरचना अभियंत्याला दाखवावे. शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची ही सामायिक जागा असते. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याच्या सदनिकेचे छत खराब झाले, तर त्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते. सभासदाने परस्पर काम काढणे कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचे. थोडक्यात, गच्ची हे हौशी माणसाचे काम नाही.

स्वतः करण्याजोगे काम : गॅलरीतला कट्टा, कुंड्यांचा ओटा, तुळशीवृंदावन, अंगणातली बसण्याची जागा. चार-सहा चौरस फुटांत हात बसतो आणि बिघडले तरी नुकसान मर्यादित राहते.

सुरुवात पायापासून. जुन्या गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तो भाग खरवडून काढावा, रंगाचा थर पूर्ण उतरवावा आणि गुळगुळीत पृष्ठभागाला टाचे मारावेत. या खडबडीतपणाला मसाला धरतो. धूळ झाडून पृष्ठभाग ओला करावा, त्यावर सिमेंटचा पातळ घोळ ब्रशने लावावा आणि तो सुकण्याआधी मसाला घालावा. मसाला एक घमेले सिमेंटला तीन ते चार घमेली वाळू या प्रमाणात, साधारण २० मिमी जाडीचा. अर्ध्या तासात जेवढ्या जागेत तुकडे बसवून होतील तेवढाच मसाला एका वेळी कालवावा. आवळू लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो चालवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. असा मसाला दिसायला बसतो, पण पहिल्या पावसाळ्यानंतर तुकडे सुटू लागतात.

तुकडे फरशीच्या दुकानांत फुटक्या मालातून स्वस्तात किंवा फुकट मिळतात. देशातल्या बहुतांश फरश्या गुजरातेतील मोरबी परिसरात तयार होतात आणि तिथून येताना वाटेत फुटणारा मालही कमी नसतो. भिंतीच्या फरश्या पातळ व सच्छिद्र असतात. त्यांचे तुकडे मसाला उत्तम धरतात, मात्र बसवण्यापूर्वी ते पाण्यात भिजवावे लागतात, नाहीतर ते मसाल्यातले पाणी शोषून त्याला कोरडे पाडतात. व्हिट्रिफाइड फरशीचे पाणीशोषण ०.५ टक्क्यांहून अधिक नसते, त्यामुळे साधे सिमेंट तिला नीट धरत नाही. अशा तुकड्यांसाठी तयार टाइल अ‍ॅडहेसिव्ह घ्यावे. या अ‍ॅडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे, पाकिटावर त्याचा उल्लेख पाहून घ्यावा. अ‍ॅडहेसिव्ह वापरायचे असेल तर तुकडे भिजवायचे नाहीत. जाड आणि पातळ तुकडे एकाच कामात मिसळू नयेत. वर आलेल्या कडा पायाला लागतात आणि खोलगट जागी पाणी साचते.

फरशी गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी. तुकडे उडत नाहीत आणि आकारही हाताळण्याजोगे, २५ ते ५० मिमीचे, मिळतात. जिथे कड सरळ हवी तिथे फरशीची मूळ कड असलेले तुकडे आधी बसवावेत आणि मग आत भरत यावे. रंगांबाबत आवरते घ्यावे हे बरे. एक पांढरा किंवा राखाडी आधाररंग आणि फार तर दोन जोडरंग एवढ्यात काम शोभते. घरातल्या प्रत्येक उरलेल्या फरशीला जागा द्यायची ठरवली की कट्टा सुंदर दिसण्याऐवजी भंगाराच्या दुकानासारखा दिसतो. दोन तुकड्यांत ३ ते ५ मिमी अंतर ठेवून लाकडी थापीने सगळे हलके ठोकून एका पातळीत आणावेत.

दुसऱ्या दिवशी सांधे भरतात. पांढरे सिमेंट, हवा असल्यास त्यात थोडा सिमेंटचा रंग, घट्टसर कालवून रबरी पट्टीने आडवे-तिरपे ओढावे. थोडे आवळले की लाकडाच्या भुशाने किंवा तरटाने पुसून काढावे. उशीर झाला तर तुकड्यांवर पांढरट पापुद्रा राहतो. मग पुढचे निदान सात दिवस ओले गोणपाट टाकून पाणी मारत राहावे. हे काम कंटाळवाणे असते, आणि घरगुती फरशीकामात नेमके तेच सर्वाधिक टाळले जाते. पांढरा पापुद्रा घालवण्यासाठी अ‍ॅसिडने धुण्याची प्रथा कारागिरांत सर्रास आहे. अ‍ॅसिड फरशीला काही करत नाही, पण ताज्या सांध्यांतले सिमेंट खाते. वेळेवर पुसले असते तर त्याची गरजच पडली नसती.

सिमेंट अल्कधर्मी असल्याने उघड्या हातांना भाजल्यासारख्या जखमा होतात, म्हणून रबरी हातमोजे हवेतच. फरशी फोडताना डोळ्यांना चष्मा लावावा. ग्राइंडरने कोरडी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. हौशी माणसाचे काम एका सुट्टीत संपते, फरशीवाला मात्र ती धूळ रोज खातो. पाणी सोडत कापणे आणि एन-९५ मास्क लावणे दोघांनीही पाळावे. मोरीच्या जमिनीला चकचकीत तुकडे लावू नयेत, मॅट घ्यावेत, कारण ओली चकाकी निसरडी असते. न्हाणीघराची जमीन उखडण्याचे काम तर स्वतः अजिबात करू नये. खालचा जलरोधक थर फाटला की खालच्या शेजाऱ्याच्या छतावर डाग उमटतो, आणि त्यातून होणारे भांडण दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

काचेचे मोझेक : २० मिमीचे चौकोन सुमारे फूटभर पानावर चिकटवलेले मिळतात. स्वयंपाकघरातील ओट्यामागची भिंत ही नवशिक्यासाठी सर्वोत्तम जागा. काच पारदर्शक असल्याने मागचा राखाडी रंग दिसू नये म्हणून अ‍ॅडहेसिव्ह पांढरेच घ्यावे, आणि दातेरी थापीने ओढलेल्या रेषा नंतर सपाट करून घ्याव्यात. कागद वरच्या बाजूला असलेले पान बसल्यावर कागद ओला करून हळूच सोलतात. जाळी असलेले पान जाळीसकटच बसते. दोन पानांमधले अंतर आणि पानातल्या चौकोनांमधले अंतर सारखे हवे. ते चुकले की भिंतीवर एकेक पान वेगळे उठून दिसते आणि मग काही केल्या लपत नाही. आपल्या स्वयंपाकघरात सिमेंटचे सांधे हळदीने पिवळे पडतात. तिथे इपॉक्सी ग्राउट वापरावे. ते महाग आहे आणि लवकर आवळते, त्यामुळे थोडे थोडे लावून लगेच पुसत जावे लागते.

जुन्या मोझेक लाद्या : भारत फ्लोअरिंग ही स्वदेशीच्या वातावरणात जन्मलेली मुंबईची कंपनी १९२२ पासून सिमेंटच्या लाद्या बनवत आली आहे. चाळी, वाडे आणि नंतरच्या सोसायट्यांत विसाव्या शतकाचा बराच काळ सिमेंटच्या लाद्यांचेच राज्य होते. आयएस १२३७ या मानकात त्यांचे नेहमीचे आकार २००, २५० आणि ३०० मिमी चौरस असे आहेत. लादीच्या वरच्या ५-६ मिमी थरातच चिपा असतात. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही अ‍ॅसिडने झिजतात, म्हणून संडास धुण्याचे द्रव या लाद्यांवर कधीही वापरू नये. लिंबाचा रस सांडला तरी लगेच पुसावा.

मळलेल्या आणि निस्तेज झालेल्या या लाद्यांवर आज सर्रास व्हिट्रिफाइड फरशी चढवतात. त्याने जमीन वर येते, दरवाजे खालून तासावे लागतात आणि स्लॅबवर वजन वाढते. खरे तर दगडी चकत्यांच्या मशीनने पाण्यात घोटून, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची भुकटी घासून आणि मेण लावून त्यांची चकाकी परत आणता येते. घोटण्याचे मशीन भाड्याने आणून ते स्वतः चालवू नये. एका जागी रेंगाळले की खड्डा पडतो. ते कारागिरालाच सांगावे. लादी ठोकून पोकळ वाजत नसेल आणि खचलेली नसेल, तर ती उखडण्याला किंवा झाकण्याला सबळ कारण नाही.